हात न लावण्याचा करार

"ताई, ह्यात ‘ज्ञ’ कुठं ठेवलाय ओ?"

सहा फूट दोन इंचांचा माणूस आमच्या कचेरीतल्या बुटक्या खुर्चीत गुडघे टेबलाला टेकवून बसला होता आणि आडात पडलेली कळशी शोधावी तसा कीबोर्डवर वाकला होता. मी फायलीतून मान वर न काढता म्हटलं, "काल होता तिथंच असेल. त्याची काही बदली झालेली नाही."

"काल बी सापडला नव्हता."

"मग आज ‘ज्ञ’ नसलेलं काहीतरी टंक."

"ज्ञापनच टायपायचंय की ओ!" तो म्हणाला आणि असा हसला की खिडकीतलं कबुतर उडून गेलं. तेवढ्यात आमचा शिपाई शंभू चहाची किटली फडक्यात धरून, ‘हाय हाय’ करत, बोटं फुंकत आत आला. म्हणजे अकरा वाजले होते. आमच्याकडे घड्याळ बंद पडलं तरी चालतं, शंभूची बोटं रोज अकरालाच भाजतात.

मी चंद्रप्रभा. तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली, आणि चौतीस वर्षं कारकुनी केलेली. आमच्या कचेरीचं नाव सांगत नाही. सांगायचं तर वरून परवानगी आणावी लागेल आणि ती येईपर्यंत मी निवृत्त झालेली असेन. माझी तारीख एकतीस मे. त्या तारखेचा विषय मी कुणाला काढू देत नव्हते.

आणि तो सिद्धेश्वर महारुद्र नरवडे, अणदूरचा. पेशाने गोलकीपर. अकरा वर्षांचा असताना पुण्याच्या क्रीडाशाळेची माणसं जिल्ह्यात पोरं निवडायला आली होती. ह्याला उडी मारून भिंतीला हात लावायला सांगितलं, तर ह्याने पत्र्याला लावला. तोवर ह्याने फुटबॉल फक्त वहीच्या कव्हरावर पाहिलेला. तिथून पुणे, मग गोवा, कोलकाता, शिलाँग, केरळ. चौदा वर्षं हा माणूस फुटबॉल खेळून पोट भरत होता आणि चौतिसाव्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून आमच्याकडे कारकून म्हणून रुजू झाला.

खरं सांगते, मी तोंड वाकडं केलं होतं. म्हटलं, आता हा दिवसभर जुनी पदकं दाखवत बसणार आणि ह्याच्या टेबलावरचं काम माझ्या टेबलावर येणार. पहिल्याच दिवशी मी त्याला खोचकपणे विचारलं, "एवढं मोठं मैदान सोडून इथं बसवेल का तुला?"

तर म्हणतो, "चौदा वर्षांत त्र्याहत्तर मॅच खेळलो, ताई. बाकी सगळ्या बाकड्यावर बसून बघितल्या. बसायची लई प्रॅक्टिस हाय."

तो दुसऱ्या नंबरचा गोलकीपर होता. पहिल्याचं डोकं दुखलं, पाय मुरगळला, तर ह्याला उभं करायचे. हे तो स्वतःच सांगायचा, न लाजता. पण गावाला ते कुठं माहीत? पहिले दोन महिने कचेरीत येणारा प्रत्येक जण घरात काहीतरी अघटित घडल्यासारखा चेहरा करून त्याच्यापुढे उभा राहायचा. "वाईट झालं. एवढा मोठा खेळाडू आन्‌ हितं नक्कल द्यायला बसवलाय." सिद्धेश्वर त्यांना खुर्ची द्यायचा, शंभूला चहा सांगायचा आणि उलट त्यांचीच समजूत काढायचा.

त्याला ह्या नोकरीचं केवढं कौतुक! रविवारी सुट्टी असते ह्याचं कौतुक. डबा घरचा असतो ह्याचं कौतुक. आणि सगळ्यात जास्त कौतुक हजेरीपटाचं. सकाळी पावणेदहाला येऊन आधी तो हजेरीपट उघडायचा, आपल्या नावावर बोट ठेवायचा आणि मग सही करायचा. एकदा मी हटकलं तर म्हणाला, "ताई, तिकडं मॅचच्या आधी यादी लागायची. चौदा वर्षं यादीत नाव हुडकलं. इथं रोज असतंय!"

तो खेळ का सोडला, हे त्याने मला एका दुपारी डबा खाताना सांगितलं. केरळातून सुट्टीला घरी आला होता. त्याची मुलगी आरोही तेव्हा सहा वर्षांची. दारात हा बॅग टेकवून उभा, तर ती आत गेली, तांब्या-पेला घेऊन आली आणि म्हणाली, "बसा. मम्मी येतीय." पाव्हण्याला म्हणतात तसं.

"पानी गोड लागलं न्हाय ओ ताई," एवढंच तो म्हणाला. मी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी त्याच्या डब्यात वाढली. दुसरं काय करणार होते?

शेवटच्या सामन्याचंही मी विचारलं. माझं स्वतःचं एकतीस मे डोक्यात होतं म्हणून विचारलं असेल. तर शेवटच्या सामन्यातही तो बाकड्यावरच होता. सामना संपल्यावर त्याने चेंडू मोजून जाळीच्या पिशवीत भरले, अठरा होते, आणि बसमध्ये जाऊन बसला. कुणी हार घातला नाही, कुणी बोललं नाही. कुणाच्या लक्षातच नव्हतं.

आता एवढ्या आनंदी माणसाच्या नेमणुकीच्या आदेशात एक वाईट ओळ होती. रुजू झाल्यापासून दोन वर्षांत मराठी टंकलेखनाचं, मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र आणायचं. नाहीतर सेवा समाप्त. दीड वर्ष सरलं होतं आणि सिद्धेश्वर दोनदा नापास झाला होता. मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी तिसरी परीक्षा होती आणि पुढची त्याच्या मुदतीत बसत नव्हती.

दोष त्याच्या डोक्याचा नव्हता, बोटांचा होता. गोलकीपरची बोटं ती! दहातली सहा मोडून पुन्हा जुळलेली. एखादं आत वळलेलं, एखादं बाहेर, डावी करंगळी तर कायमची रुसून बाजूला उभी. तो ती टेबलावर पसरून दाखवायचा. "हे गोवा. हे कोलकाता, दोनदा. हे शिलाँग, पावसात खांबावर आदळलं. आन्‌ ही करंगळी केरळ."

कुंकवाच्या दुकानावरच्या माडीत चन्नबसप्पा मास्तरांचा टायपिंगचा क्लास आहे. मास्तर मूळचे अक्कलकोटकडचे, सत्तरी उलटलेले. निम्म्या तुळजापूरला त्यांनी टायपिंग शिकवलंय, मलाही. बारावीच्या मुलींच्या रांगेत हा ताडमाड गडी रोज संध्याकाळी जाऊन बसायचा. मी एकदा बघायला गेले. मास्तर मागे हात बांधून फिरत होते आणि ओरडत होते, "ए तम्मा, शिलाँग झोपलं तुझं! उठव त्याला! केरळ कुठं चाललं? केरळला जागेवर आण! मेल्लगे, मेल्लगे!" कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मेल्लगे म्हणजे हळू. मुली तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या आणि सगळ्यात मोठ्यांदा सिद्धेश्वर हसत होता.

जिन्यात मास्तर मला हळूच म्हणाले, "सत्तावीसपर्यंत आलंय पोरगं. होईल. पण बोटाला आता खरचटलं बी नाही पाहिजे, चंद्रप्रभा. एक बोट सुजलं की संपलं."

परीक्षेला आठ दिवस उरले आणि हिंमतराव आले.

हिंमतराव म्हणजे अणदूरच्या प्रत्येक कार्यक्रमाचे अध्यक्ष. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की माईक सुरू आहे की बंद, हे कळू नये. आल्या आल्या त्यांनी एक पोस्टर सिद्धेश्वरच्या टेबलावर उलगडलं. अणदूर विरुद्ध नळदुर्ग, भव्य फुटबॉल सामना, मानाची ढाल. मधोमध सिद्धेश्वरचा फोटो, हातमोजे घातलेला.

"रविवारी हाय. तू गोलात," हिंमतराव म्हणाले.

"काका, मंगळवारी माझी परीक्षा हाय. बोटाला लागलं तर नोकरी जातीय."

"नोकरीचं काय घिऊन बसलास लेका? गावाची इज्जत हाय! नळदुर्गवाल्यांनी सोलापूरवरनं दोन पोरं आणल्यात. तू निस्ता हुबा ऱ्हा. तुला बघूनच त्यांचं पाय लटपटतेल."

अणदूर आणि नळदुर्ग ह्यांचं नातं बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. दोन गावं, दोन देवळं, पण खंडोबा एक. सव्वादहा महिने तो अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. जायच्या-यायच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी बसतात, लेखी करार करतात, आणि मगच देव हलतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. देवाच्या बाबतीत एवढा समजूतदारपणा दाखवणारी ही गावं बाकी कुठल्याही गोष्टीत एकमेकांना इंचभर सोडत नाहीत.

सिद्धेश्वरला गावाला नाही म्हणवेना. त्याच्या वडिलांचाही प्रश्न होता. महारुद्रअण्णा मुलाने खेळ सोडल्यापासून त्याच्याशी मोजकंच बोलत होते, आणि कचेरीची पायरी तर एकदाही चढले नव्हते. "माझं पोरगं टीव्हीत दिसायचं," ते पारावर म्हणाले होते, "आता खिडकीत दिसतंय." हे शब्द सिद्धेश्वरपर्यंत पोचले होते. एवढा हसरा माणूस, पण हे मला सांगताना हसला नव्हता.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "पण चेंडूला हात लावणार न्हाय. पायानं अडवीन, छातीनं अडवीन, तोंडानं अडवीन. हात न्हाय."

"तू ये तर आधी! जबान दिली तुला. कोण म्हणतंय हात लाव म्हणून?"

मला राहवलं नाही. "हिंमतराव, तुमच्या गावात देवसुद्धा कागद केल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि हा तुमच्या जबानीवर हलेल होय? कागद करा."

हिंमतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पानातला लाडू उचलला होता. पण अणदूरच्या माणसाला ‘कागद करा’ म्हटलं की नाही म्हणता येत नाही. सिद्धेश्वरने तिथल्या तिथे टंकायला घेतलं. लिहून देणार हिंमतराव, समस्त अणदूरकरांतर्फे. लिहून घेणार सिद्धेश्वर महारुद्र नरवडे. कारणे करारनामा लिहून देतो की, सदर खेळाडू गोलात उभा राहील व चेंडू हात सोडून कोणत्याही अवयवाने अडवील. मात्र मंगळवारची परीक्षा होईपर्यंत चेंडूस हात लावणार नाही, व लाव म्हणून त्यास कोणी म्हणणार नाही. बारा मिनिटं लागली आणि सात चुका झाल्या. हिंमतरावांनी सही ठोकली, शंभू साक्षीदार झाला, आणि एक प्रत मी माझ्या पर्समध्ये टाकली.

रविवारी मी आणि शंभू अणदूरला गेलो. जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. शाळेचं मैदान भरून गेलं होतं, पोरं लिंबाच्या झाडावर चढली होती. मला महारुद्रअण्णांच्या शेजारची खुर्ची मिळाली. अण्णा ताठ बसले होते, खांद्यावर पांढरा टॉवेल, नजर मैदानावर. मी नमस्कार केला तर म्हणाले, "तुमीच का त्या कागदवाल्या ताई?" आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागले. चांगलं म्हणाले की वाईट, कळलं नाही.

माईकवर बोलणाऱ्याला एरवी कुस्त्यांची सवय. तो म्हणत होता, "आणि चेंडू गेलाय... चेंडू गेलाय... कुनाकडं तरी गेलाय! शाब्बास पठ्ठे!" आणि गोलात आमचा सिद्धेश्वर, हात पाठीमागे धरून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा. लोकांत कुजबुज सुरू झाली. नळदुर्गच्या कप्तानाने तक्रार केली, की ही आमची चेष्टा आहे. पंच म्हणजे लोहाऱ्याकडचे एक खेळाचे मास्तर होते. त्यांनी विचार करून सांगितलं, "गोलकीपरला हात लावता येतो असं नियमात हाय. लावलाच पाहिजे असं कुठं बी लिहिलेलं न्हाय." मला हा माणूस आवडला. आमच्या खात्यात हवा होता.

पण चौदा वर्षांची सवय ती. विसाव्या मिनिटाला नळदुर्गच्या नऊ नंबरने लांबून चेंडू मारला आणि सिद्धेश्वरचे हात पाठीमागून आपोआप सुटले. डोक्याच्या वर गेलेसुद्धा. मी किंचाळले, "सिद्धेश्वर!" त्याने चटका बसावा तसे हात मागे घेतले, आणि चेंडू तेवढ्यात जाळीत. नळदुर्गचा एक गोल. अणदूरकरांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

मध्यंतरात तो सरळ वडिलांपुढे येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. पाठ फिरवली आणि मनगटं एकावर एक ठेवली.

"अण्णा, बांधा."

"काय?"

"हात बांधा. माझं ऐकत न्हाईत ते."

अण्णा थोडा वेळ त्या हातांकडे बघत राहिले. एवढ्या जवळून ती बोटं त्यांनी कधी पाहिली होती की नाही, देव जाणे. मग एका बोटावरून त्यांनी अंगठा फिरवला. "हे कुठं मोडलं?"

"शिलाँगला."

"सांगितलं न्हाईस कधी."

"तुमी टीव्ही बघत व्हता. कशाला सांगायचं?"

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "आवळू का?"

"आवळा. सुटलं न्हाय पायजे."

अण्णांनी गाठ मारली, ओढून पाहिली, आणि पुन्हा दुसरी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुळीच्या नावावर खपवलं.

दुसऱ्या अर्ध्यात त्या माणसाने जे काही केलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. हात पाठीशी बांधलेले आणि हा उड्या मारतोय! एक चेंडू गुडघ्याने उडवला. एक छातीवर घेतला. एक थेट तोंडावर बसला, नाक लाल झालं, आणि हा हसला. पडला की हातांशिवाय उठता यायचं नाही, मग कूस बदलून गुडघ्यावर यायचा आणि उठायचा. लोक आधी हसत होते, मग ओरडायला लागले, मग नळदुर्गचे लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. माईकवाल्याला तर शब्द सुचेनात; तो नुसता "येळकोट येळकोट!" करत होता. तेवढ्यात अणदूरच्या पोरांनी कसाबसा एक गोल केला. बरोबरी झाली आणि मी शंभूची पाठ बडवून काढली.

शेवटची दोन मिनिटं उरली असताना नळदुर्गला पेनल्टी मिळाली.

एकटा गोलकीपर, बारा पावलांवर चेंडू, आणि समोर तो नऊ नंबर. मग एकदम गलका उठला. "सोडा त्याला! हात सोडा!" हिंमतराव धोतराचा सोगा धरून मैदानात पळत निघाले. "सिद्धू, एवढा एकच! आयला, एवढा एकच अडव! गावाची इज्जत हाय!" ते त्याच्या पाठीमागच्या गाठीला हात घालणार, एवढ्यात महारुद्रअण्णा खुर्चीतून उठले. म्हातारा माणूस, पण असे झपझप गेले की मी मागे राहिले.

"हिंमतराव, हात काढा."

"अण्णा, आवं, एकच मिनिट..."

"कागदावर सही तुमची हाय का न्हाय?"

"हाय, पर..."

"मग देवासाठी पाळता, माझ्या पोरासाठी का न्हाय पाळत?"

हिंमतरावांचा हात खाली आला. अण्णांनी मुलाकडे पाहिलं, गाठ नीट आहे ना ते पाहिलं, आणि रेषेच्या बाहेर येऊन उभे राहिले.

पंचांनी शिट्टी वाजवली. नऊ नंबर धावत आला आणि सिद्धेश्वर त्याच्या पायाकडे बघत उजवीकडे झेपावला. त्याच क्षणी चेंडूही उजवीकडेच गेला. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण एवढं कळलं: तो माणूस हवेत आडवा होता, आणि चेंडू त्याच्या खांद्याच्या वरून, वीतभर अंतरावरून गेला. हात मोकळे असते तर तिथं हातच होता.

दोन-एक. संपलं.

तो तोंडावर पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी पदर खोचून धावले. मनात म्हटलं, रडला शेवटी. जवळ जाऊन बघते तर तोंडभर माती आणि गडी हसतोय. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याचा चिखल गालावर.

"ताई, दिशा बरूबर हुती."

"बरोबर होती रे."

"बघितली न्हवं तुमी?"

"बघितली. सगळ्यांनी बघितली."

तो नळदुर्गचा नऊ नंबर धावत आला. आपल्या गड्यांबरोबर नाचायचं सोडून तो वाकला, सिद्धेश्वरला काखेत धरून उभा केला आणि म्हणाला, "सर, हात असते तर गेला नसता." मग दोन्ही गावं टाळ्या वाजवत राहिली. अण्णा आले. टॉवेलची गाठ इतकी घट्ट होती, की त्यांना ती दातांनी सोडवावी लागली. सोडवून झाल्यावर त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, दहाच्या दहा. "लागलं न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

ढाल देताना हिंमतरावांचा चेहरा बघवत नव्हता. पण असा माणूस हरत नसतो. त्यांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, की ढाल नळदुर्गनं जिंकली, बेशक; पण येत्या आठवड्यात आपला देव पावणेदोन महिन्यांसाठी नळदुर्गला चाललाय, तर ढालीनंही देवासंगं जावं आणि देवासंगंच अणदूरला परत यावं. नळदुर्गचे लोक पोट धरून हसले. त्यांच्यातला एक जुना मानकरी म्हणाला, "कबूल. पर कागद करा."

सगळ्या माना सिद्धेश्वरकडे वळल्या. तो मनगटं चोळत उभा होता.

तो कागद त्याने सोमवारी सकाळी कचेरीत टंकला. मी मोबाइलवर वेळ लावून बसले होते. सहा मिनिटं, चुका शून्य. संध्याकाळी मास्तरांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "मग आज क्लासला येऊ नको म्हणावं. बोटं झोपू दे." मंगळवारी त्याने धाराशिवला जाऊन परीक्षा दिली.

माघात देव अणदूरला परत आला. मागोमाग जीपमधून ढालही आली, आणि त्याच आठवड्यात निकाल लागला. मिनिटाला बत्तीस शब्द. मी स्क्रीनवर तीनदा वाचला. शंभूने कचेरीत पेढे वाटले आणि साहेबांच्या दालनातही दोन नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी महारुद्रअण्णा आले. पहिल्यांदा. आरोहीला बरोबर आणलं होतं. खुर्ची दिली ती नको म्हणाले, आणि अभ्यागतांच्या बाकड्यावर बसून मुलगा टंकताना अर्धा तास बघत राहिले, सामना बघावा तसे. आरोही टेबलापाशी उभी राहून बोटं मोजत होती. निघताना मी विचारलं, "काय अण्णा, खिडकीत बरं दिसतंय का पोरगं?"

म्हातारा ओशाळला. मग म्हणाला, "टीव्हीत लई बारीक दिसायचं ओ. हितं नीट दिसतंय."

सोमवारी सिद्धेश्वरने एक पिशवी आणून शंभूच्या हातात दिली. आत त्याचे हातमोजे होते, केरळातले, पाठीवर एक आकडा लिहिलेले. मी चिडले. म्हटलं, "अरे, घरात ठेव, काचेच्या कपाटात ठेव! हे काय देऊन टाकायची वस्तू आहे?"

"चांगली पकड हाय त्यांची, ताई," तो म्हणाला. "किटली सुटायची न्हाय. आन्‌ शंभूची बोटं भाजत्यात रोज."

आता अकरा वाजता शंभू ऐटीत आत येतो, दोन्ही हातांत ते मोठे मोजे आणि मोज्यांत किटली. हाय हाय करत नाही. त्यामुळे वेळ कळायला मला घड्याळ दुरुस्त करून घ्यावं लागलं. सिद्धेश्वर रोज एकदा मान वर करतो. किटलीकडे बघत नाही, मोज्यांकडे बघतो, आणि मग पुन्हा खाली बघून कामाला लागतो.

आज त्याने मान वर केली, मोज्यांकडे पाहिलं, आणि तसाच बघत असताना बोटं टंकत राहिली. केरळसुद्धा जागेवर होतं.

"‘ज्ञ’ सापडला वाटतं," मी म्हटलं.

"सापडला की."

"काय टंकतोयस?"

"ज्ञापन. तुमच्या निवृत्तीचं. एकतीस मे."

मी पुढ्यातली फाईल बंद केली. त्याने ओळ पूर्ण केली. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी माझ्यागत गुपचूप बशीत बसून जायचं न्हाय. अण्णा, आरोही, मास्तर, समदी येणार हायेत. हिंमतराव बी येणारेत, हार घिऊन. म्या कागद करून घेतलाय त्यांच्याकडनं."

"चूक करू नकोस माझ्या नावात."

"न्हाय करत."

शंभू किटली घेऊन माझ्या टेबलाशी थांबला. मी कप पुढे केला.